मानाचा वासा

येसाजी मास्तर गेले आणि दोन्ही कोंडांना त्यांचं असं काही प्रेम आलं, की त्या प्रेमापायी मास्तरांची शाळाच बंद पडायची वेळ आली. खोटं वाटेल, पण झालं ते असंच.

सन बत्तीसची गोष्ट. कुडपणच्या डोंगराच्या पायथ्याला, पोलादपुरापासून अडीच कोस आत, पऱ्याच्या अलीकडे सावरकोंड आणि पलीकडे धामणकोंड, अशा दोन वाड्या. पऱ्या म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. चैत्रात त्यात घागर बुडत नाही आणि आषाढात रेडा वाहून जातो. शाळा सावरकोंडात, देवळाच्या पडवीत. पोरं सत्तावीस, सोळा अलीकडची, अकरा पलीकडची. त्या अकरांसाठी दर साली मृग लागला की दोन्ही कोंडांनी मिळून साकव बांधायचा. दोन काळ्या खडकांमध्ये पऱ्या जिथं बारा हातांवर येतो, तिथं चार वासे आडवे टाकायचे, कुंभ्याच्या सालीच्या दोरांनी आवळायचे, धरायला एका अंगाला बांबू. दिवाळीनंतर मोडून टाकायचा, पुढच्या साली पुन्हा बांधायचा.

त्यातला पहिला वासा मानाचा. त्याचा बुंधा खडकाच्या खोबणीत रोवायचा, वासा उभा करून मागच्या उंबराला दोरानं बांधून ठेवायचा आणि देवाला नारळ द्यायचा. मग मानकऱ्यानं कोयत्यानं दोर तोडला की वासा धाडकन समोरच्या खडकावर जाऊन पडतो. मानकरी त्याच्यावरून एकटा चालत पलीकडे जातो, त्यानंतर बाकीचे वासे. एकोणीस सालं हा मान येसाजी मास्तरांचा होता, कारण मुळात साकव सुचला तोच त्यांना.

मास्तर महाडात फायनल शिकले. कचेरीत कारकून होऊन खुर्चीत बसले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण हा गृहस्थ डोंगरात परत आला आणि देवळाच्या पडवीत पोरं गोळा करून बसला. मुंबईला गिरणीत गेलेल्यांची पत्रं वाचून दाखवावीत मास्तरांनी, बांधावरून डोकी फुटायची वेळ आली की दोघांना ओटीवर बसवून महाडच्या कोर्टाची पायरी वाचवावी मास्तरांनी. सत्तावीस साली महाडात चवदार तळ्यावर जे घडलं ते घडलं, आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी धामणकोंडाच्या महारवाड्यातली दोन पोरं पडवीच्या खालून उचलून बाकीच्यांच्या ओळीत बसवली. गावानं महिनाभर आपली पोरं घरी ठेवली. सावरकोंडाचा पाटील मुरारी, मास्तरांचा लंगोटीयार, तो तर दारात येऊन नाही नाही ते बोलून गेला. मास्तरांनी महिनाभर त्या दोघांनाच शिकवलं, अगदी घंटा देऊन. शेवटी गावच कंटाळलं आणि पोरं परत आली.

आणि रोज संध्याकाळी मास्तर पलीकडच्या अकरांना स्वतः साकवावरून नेत. हात धरून एकेकाला पार करायचं आणि मोठ्यानं मोजायचं. "अकरा!" अशी शेवटची हाक आली की आवडी चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

आवडी म्हणजे मास्तरांची बायको. माहेर धामणकोंड, सासर सावरकोंड. लग्नानंतर मास्तरांनी पहिली शाळा तिचीच घेतली होती, चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं काढून. पोटी मूल झालं नाही. तिला कोणी त्यावरून बोललं की मास्तर म्हणत, सत्तावीस हायत की, आणखी किती पायजेत?

मृगाच्या आधल्या दिवशी मास्तरांना ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. आवडीनं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी तिनं पडवी झाडून पोरांना हाक मारली. बायकांनी नाकं मुरडली. पण पाऊस अजून रिपरिपच होता, पऱ्यात गुडघाभर पाणी होतं, पलीकडची पोरं बापाच्या खांद्यावर बसून आली. शाळा सुरू झाली.

त्याच दिवशी गावकी बसली आणि तिथं घोळ झाला.

मुरारी पाटील म्हणाला, मास्तरांच्या नावाचा दगड बसवायचा, महाडच्या पाथरवटाला सांगून आलोय. धामणकोंडाचा गोमाजी म्हणाला, झकास, कुठं बसवायचा? मुरारी म्हणाला, आमच्या बाजूला, साकवाच्या तोंडाशी. गोमाजी म्हणाला, तुमच्या का? मास्तर आमचा जावय. मुरारी म्हणाला, जावय तुमचा, पण हाड आमचं. मग दगड राहिला बाजूला आणि विषय आला मानाच्या वाशावर. मास्तरांच्या माघारी त्यांच्या नावानं पहिला वासा कोण टाकणार? सावरकोंड म्हणे आम्ही. धामणकोंड म्हणे आम्ही. दोघंही मास्तरांसाठीच भांडत होते, हे त्यातलं विशेष. दुसऱ्या दिवशी सावरकोंडानं आपल्या खडकावर वासा उभा करून उंबराला बांधला. तिसऱ्या दिवशी धामणकोंडानं आपल्या खडकावर आपला उभा केला. आणि एकाला दुसऱ्याच्या आधी टाकू द्यायचा नाही म्हणून दोन्हीकडे माणसं राखणीला बसली. रुसलेले व्याही बसावेत तसे दोन वासे समोरासमोर आठ दिवस उभे होते.

आणि वर पाऊस सुरू झाला. गुडघ्याचं पाणी कमरेला आलं, कमरेचं छातीला. पलीकडची पोरं यायची बंद झाली. कुडपणच्या अंगानं वळसा घालून यायचं तर चार कोसांचं रान, जळवा आणि निसरडं. सात-आठ वर्षांच्या पोरांचं ते काम नव्हे.

मंगळवारी पोलादपुराहून शिपाई कागद घेऊन आला. आवडीनं तो पडवीतच उभ्यानं वाचला. मास्तर वारल्याचं वर कळलं होतं. नवा मास्तर द्यायचा की शाळा बंद करायची ते ठरवायला शाळाखात्याचे साहेब गुरुवारी सकाळी जातीनं येत होते. पंचवीस पोरं हजर असली तर शाळा राहणार. पंचविसाला एक जरी कमी भरलं तर पट पोलादपूरच्या शाळेत मिळवून ही शाळा बंद. आवडीनं पडवीत नजर फिरवली. सोळा. त्यातला एक तापानं फणफणलेला, म्हणजे पंधरा.

बुधवारी ती मुरारीच्या दारात गेली. पाऊस लागत होता, पण विधवा बाईनं सकाळच्या पारी पाटलाचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून ती वळचणीलाच उभी राहिली.

"भावजी, साहेब उद्या येतोय. पलीकडची पोरं नाय आली तर शाळा गेली."

"ते गोमाजीला सांग," मुरारी म्हणाला. "आमचा वासा उभा हाय. त्यानं हां म्हणू दे, आत्ता टाकतंव."

"तो तुमच्याकडं बोट दाखवतोय. मी काल काठावरनं वरडून इचारलं त्याला."

"मग? आता आमी वाकायचं?"

"तुमी दोघं कुणासाठी भांडताय?"

"कुणासाठी म्हंजे? येसासाठी!" मुरारीचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "वयनी, मी त्याला एकदा नको ते बोललो. तो मेला तवा त्येच्या तोंडात पाणी घालाया पन मी नव्हतो, पोलादपुरात बाजाराला होतो. येवढा मान तरी त्येच्या नावानं मला करू दे. तू बाईमाणूस, तुला नाय कळायचं."

आवडीला त्याचा राग आला आणि कीवही आली. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. खोटं बोलणाऱ्याला भांडून गप्प करता येतं. ती भिजत घरी आली. मास्तरांचा सदरा अजून खुंटीवर होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, "बघा, तुमचं लाडकं गाव!" आणि मग कोयत्याला धार लावत बसली.

गुरुवार उजाडला तो धो धो पावसात. पऱ्याचा आवाज घरात ऐकू येत होता. आवडीनं पंधरा पोरांना पडवीत बसवलं, पाटी काढायला लावली, डोक्यावर इरलं घेतलं आणि हातात कोयता घेऊन पऱ्याची वाट धरली.

काठावर दोन्ही गावक्या हजर होत्या. इकडे मुरारी आणि दहा-बारा गडी, तिकडे गोमाजी आणि त्याचे. पलीकडच्या खडकामागे अकरा पोरं घोंगड्यांच्या खोळी घेऊन बसलेली, पाट्या पोटाशी धरून. गोमाजीनं त्यांना आणलं तरी होतं. म्हणजे त्यालाही शाळा हवी होती. पण वासा काही हलत नव्हता.

"टाकू दे म्हणतंव ना आमचा!" इकडून मुरारी.

"आधी आमचा!" तिकडून गोमाजी. पाण्याच्या आवाजात अर्धं ऐकू येत होतं, अर्धं हातवाऱ्यांनी कळत होतं.

तेवढ्यात सोनबा नावाचा गडी वरून पळत आला. "साहेब खिंडीत आला! छत्री दिसली!"

खिंडीतून देवळापर्यंत अर्ध्या तासाची वाट. मुरारीनं खिंडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. आता कोणीतरी वाकायला हवं होतं आणि बारा गड्यांसमोर वाकायचं कसं हे दोघांनाही कळत नव्हतं. काय म्हणावं असल्या माणसांना!

आवडी त्यांच्या मागून आली. शुभकामाच्या जागी पांढऱ्या कपाळाची बाई दिसली की माणसं नजर फिरवतात. कोणी थुंकतं, कोणी देवाचं नाव घेतं, पण बघत कोणी नाही. तसंच झालं. गड्यांनी तिला येताना बघितलं आणि तोंडं पाण्याकडे वळवली. राखणीला बसलेला पांडू तर दोन पावलं बाजूला सरकला, तिची सावली नको म्हणून. ती सरळ उंबरापाशी गेली. दोर पावसानं फुगला होता. तिनं पहिला घाव घातला तेव्हा मुरारीनं मान वळवली.

"वयनी!"

दुसरा घाव. तिसरा. दोर तुटला. वासा क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग धाडकन पलीकडच्या खडकावर आदळला. खाली पाणी घुसळत होतं.

"वयनी, ह्ये काय केलंस!" मुरारी धावत आला, पण तोवर तिनं इरलं टाकलं होतं, पदर कमरेला खोचला होता आणि तिचा एक पाय वाशावर होता.

ओला वासा, मांडीएवढा जाड, पायाखाली गुळगुळीत. दोन पावलं गेली आणि वासा खोबणीत फिरला. आवडी डुगडुगली. मुरारीच्या तोंडून "आई गं!" निघालं आणि मान, अपशकून, बारा गडी सगळं विसरून त्यानं वाशाच्या बुंध्यावर दोन्ही पायांनी उभं राहून तो दाबून धरला. तिकडे शेंडा खडकावरून निसटत होता. गोमाजी पालथा पडून त्याला मिठी मारून बसला. "आवडे, थांब गो! हालू नको!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की पाऊस, कोण जाणे.

आवडी थांबली. खाली बघितलं असतं तर गेलीच असती. तिला भीती वाटत होती. मग तिनं मास्तर मोजायचे तसं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. प्रत्येक आकड्याला एक पाऊल. नऊला तिचा तोल पुन्हा गेला. दहा. अकराला गोमाजीनं तिचं मनगट पकडून तिला खडकावर ओढलं.

ती खडकावर उभी राहिली, श्वास घेतला आणि दोन्हीकडे ऐकू जाईल अशी ओरडली.

"झाला मान! पांढऱ्या कपाळाचा झाला! आता कुणाला पायजे तो घ्या!"

घेणार काय? विधवेनं बाटवलेला मान ना सावरकोंडाच्या कामाचा, ना धामणकोंडाच्या. आठ दिवस ज्याच्यावरून भांडले ती वस्तूच उरली नव्हती.

"साल खराब केलंस, वयनी," मुरारी म्हणाला. तो अजून बुंध्यावर उभाच होता.

"केलं! भात बुडालं तर माझं नाव घ्या. म्हस मेली, घर पडलं, माझं नाव घ्या. वाळीत टाका मला. पन त्येची शाळा तुमी दोघांनी बुडवायची आनि वर त्येच्या नावाचा दगड लावायचा, ह्ये मी बघनार नाय! साहेब खिंडीत हाय. तुमी उभे ऱ्हानार हाय का वासे टाकनार?"

गोमाजीनं तिच्याकडे बघितलं. मग मागे वळून स्वतःच्या उभ्या वाशाचा दोर स्वतःच तोडला. तो वासा पहिल्याच्या शेजारी येऊन पडला. इकडे मुरारी गड्यांवर खेकसला, "बघताय काय टकामका? दोर आना!" आणि मग एवढी घाई झाली की विचारू नका. तिसरा वासा पडला, चौथ्याला वेळच नव्हता. अर्धे दोर बांधले, अर्धे नुसते गुंडाळले. बांबूचा कठडा म्हणून दोन्ही काठांवर गड्यांनी एक दोर ताणून धरला. अकरा पोरं आणि त्यांच्यामागून आवडी त्याला धरून अलीकडे आली.

साहेब पडवीत पोचले तेव्हा सव्वीस पोरं ओळीत बसलेली होती, त्यातली अकरा चिंब. पुण्याकडचा माणूस, पायांतून जळवा काढत बसला आणि मग त्यानं दोनदा डोकी मोजली. पाढे विचारले, बेरजा घातल्या, कविता म्हणायला लावली. एका पोरीनं सत्ताविसाचा पाढा न अडखळता म्हटला.

"मास्तर गेल्यापासून ह्यांना कोण शिकवतंय?" साहेबांनी विचारलं.

आवडी खांबाआड उभी होती. मुरारी म्हणाला, "मास्तराचं कुटुंब."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग टोपी सारखी करत म्हणाले, "शाळा चालू राहील. श्रावणात नवा मास्तर येईल. येसाजीराव मोठा माणूस होता. गावानं त्यांच्या स्मरणार्थ काही केलं की नाही?"

मुरारीनं तोंड उघडलं. दगडाचं सांगणार होता तो, आवडीला माहीत होतं. पण तो तिच्याकडे बघून म्हणाला, "नाय साहेब. आमी काय केलं नाय. त्यानं केलेलं मोडत होतो, ते वयनीनं वाचवलं." एवढं बोलून तो पडवीतून खाली उतरला आणि पावसात उभा राहिला.

संध्याकाळी शाळा सुटली. आवडी दारातच थांबली. सकाळी जे केलं ते केलं, आता पुन्हा साकवावर पाय टाकायची तिची छाती नव्हती. पोरांच्या वाटेत आपण नको, असंच तिला वाटलं. पण पोरं पऱ्याकडे निघाली तेव्हा तिच्या पदराला ओझं आलं. बघते तर धामणकोंडाची ठकी, सगळ्यात लहान, पदर धरून उभी. ती काही सोडेना. तिला घेऊन आवडीला काठापर्यंत जावंच लागलं.

काठावर मुरारी होता. चौथा वासा पडला होता, बांबू बांधला होता. मुरारी एकेका पोराचा हात धरून साकवाच्या मध्यापर्यंत नेत होता, तिथून पुढं गोमाजी घेत होता. मुरारी मोठ्यानं मोजत होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण एवढे आकडे येत होते. महारवाड्यातली दोन्ही पोरंही त्यानं हाताला धरूनच नेली. "नऊ!" तो ओरडला. "दहा!" मग मागे वळला आणि कोणीच नव्हतं.

"दहाच आली रे!" पलीकडून गोमाजी.

मुरारीचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खाली पाण्याकडे बघितलं, कठडा गच्च धरून वाकून बघितलं. "अकरावं कुठाय? अकरावं कोन?"

"हितं हाय!" आवडी ओरडली. ठकी तिच्या पदरात तोंड खुपसून उभी होती. "भावजी, ही येत नाय. घेऊन जा हिला."

मुरारी धापा टाकत परत आला. ठकीपुढे उकिडवा बसला, हात पुढं केला. ठकीनं मान हलवली.

"का गो? मी नेतो ना."

"मास्तर हात धरायचं," ठकी म्हणाली. "न्हायतर बाय धरल."

बारा गडी बघत होते. पांडू होता, सोनबा होता, सकाळी सावली नको म्हणून सरकलेले सगळे होते. मुरारी उठला आणि साकवाच्या तोंडातून बाजूला झाला.

"वयनी," तो म्हणाला, "तुमीच न्या. आनि उद्यापासनं रोज तुमीच न्या. मोजाया मी हाय."

आवडीनं ठकीचा हात धरला. साकव आता पायाखाली हलत नव्हता. पलीकडच्या खडकावर गोमाजीनं पोरीला उचलून घेतलं आणि मागून, अलीकडच्या काठावरून, मुरारीची हाक आली. मास्तर द्यायचे तशीच, लांबलचक.

"अकराऽऽ!"

चोवीस दिवसांत आवडीनं लोकांदेखत डोळ्यांना पदर लावला नव्हता. आता ती परतताना भर साकवावर, दोन्ही कोंडांच्या समोर, कठडा धरून ओक्साबोक्शी रडली. कोणीही तिला गप्प केलं नाही. मग तिनं तोंड पुसलं आणि चहाचं आधण ठेवायला घरी गेली.